एकेचाळीस ओळी

श्रीतुकोबारायांची पालखी आमच्या काटेवाडीस येते तेव्हां परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात व पुढें मेंढ्यांचें रिंगण होतें. २०२५ सालचा तो सोहळा आम्हीं धांवतपळतच पाहिला; कारण माजघरांत वहिनींच्या प्राप्तिकराचे कागद पसरलेले होते.

आमचे कैलासवासी वडील बंधु फार वर्षांपासून थोडे थोडे शेअर घेत. त्यांच्यामागें ते वहिनींस आले. वहिनींच्या औषधोपचारांकरितां २०२४-२५ मध्यें आम्हीं त्यांच्या वतीनें, लागतील तेव्हां लागतील तितके, असे एकेचाळीस वेळां विकले. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, एक बेरीज टाका आणि मोकळे व्हा!" पण तसें चालण्याजोगें नव्हतें. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरांचा तपशील ११२अ या परिशिष्टांत कंपनीवार लिहावयाचा होता. आणि विक्रीचा भाव दर वेळीं निराळा, म्हणून ओळीही तितक्याच.

यांतील मर्म असें. २०१८ च्या वित्त अधिनियमानें दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हां कर बसला, पण त्या ३१ जानेवारीपर्यंतची वाढ सोडून दिली. त्या दिवसाचा सर्वांत चढा भाव व विक्रीचा भाव यांतील कमी तो घ्यावा. तो व मूळ खरेदी यांतील अधिक ती किंमत समजावी. शंभरास घेतलेला शेअर त्या दिवशीं अडीचशें असून चारशेंस विकला, तर नफा दीडशेंच! सूत्रवाङ्मयावर पोसलेल्या आम्हांस हें लाघव फार आवडलें. वारसाहक्कामुळें खरेदी बंधूंचीच धरावयाची. ती त्यांच्या वहींत तारीखवार होती. शिवाय २३ जुलै २०२४ पासून कराचा दर शेंकडा दहावरून साडेबारा झालेला, म्हणून विक्रीची तारीखही पाहणें आलें. वर्षाचा सव्वा लाखापर्यंतचा नफा मात्र करमुक्त.

मास्तरकीची खोड जात नाहीं. प्रत्येक विक्रीसमोर आम्हीं वहिनींच्या खर्चाची पावती लावीत गेलों. चाळीस जुळल्या. ऑगस्टमधील एक जुळेना, रुपये ६,८४०. दोन दिवस पावत्या धुंडाळल्यावर आठवलें कीं, त्या पावसांत आमची परसाची भिंत खचली होती, व "पुढच्या महिन्यांत भरूं" म्हणून ते पैसे आम्हींच उचलले होते! ते भरावयाचे राहिले तें राहिलेंच. विवरणपत्रांत पैसे कोठें गेले हें विचारीत नाहींत. पुतण्यासही कळण्याचें कारण नव्हतें.

सायंकाळीं वहिनी वाती वळीत बसल्या होत्या, तेथें जाऊन सांगितलें. त्या म्हणाल्या, "भावोजी, भिंत वाड्याचीच ना?" आमच्या जिवांत जीव आला. थोड्या वेळानें मान वर न करतां म्हणाल्या, "पेन्शन झाली कीं आणून द्या मात्र."

एक तारखेस नेऊन दिले. त्यांनीं ते दोनदां मोजून घेतले.