वाटेत राहिलेली माणसं

कॅनडाच्या पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियातल्या कॅरिबू डोंगरांत बार्करव्हिल नावाचं जुनं सोन्याचं गाव आहे. गावावरच्या चढावर, सूचिपर्णी झाडांच्या सावलीत तिथली दफनभूमी. दगड थोडे, लाकडी फळ्या फार. फळीवर नाव, वय आणि बऱ्याचदा मूळ गाव किंवा मुलूख. अनेकांची वयं तिशीच्या आसपासची. मेलेल्या माणसाचा मुलूख इतक्या निगुतीनं लिहिलेला पाहिला की कळतं, इथं मुक्कामाला कुणी आलंच नव्हतं. चार पैसे गाठीला बांधून सगळ्यांना घरी परतायचं होतं.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स क्रीक या ओढ्याकाठी बिली बार्कर या इंग्रजाला सुमारे ५२ फूट खोलीवर सोनं लागलं. तोवर लोक झारेकऱ्यांसारखी वरवरची वाळू घोळवत होते. खरं घबाड खाली, तळाच्या खडकालगत होतं. मग विहिरीसारखे खड्डे, रहाट, लाकडी पन्हळी यांनी सगळी दरी भरून गेली. खांबांसाठी नि पन्हळींसाठी आजूबाजूचं रान सफाचट झालं. उपसलेल्या गाळानं ओढ्याचं पात्र वर चढलं, पुराचं पाणी घरांत शिरू लागलं, तेव्हा लोकांनी घरंच खांबांवर उचलून घेतली. १६ सप्टेंबर १८६८ ला जवळजवळ सगळं गाव दीड तासाच्या आत जळालं आणि पाठोपाठ पुन्हा उभंही राहिलं. बार्करच्या हाती मात्र काही टिकलं नाही. १८९४ मध्ये तो व्हिक्टोरिया शहरात निष्कांचन मेला आणि तिथंच पुरला गेला. ज्याचं नाव गावानं घेतलं, त्याची कबर गावात नाही.

कबर आहे ती जॉन कॅमेरॉनची. ‘कॅरिबू कॅमेरॉन’ म्हणून तो पुढे ओळखला गेला. मला या गावाचा सगळा इतिहास त्या एका माणसात दिसतो.

आजच्या ओंटारिओतून तो बायको सोफिया आणि तान्ह्या मुलीला घेऊन निघाला. १८६२ मध्ये व्हिक्टोरियाला पोचल्यावर थोड्याच दिवसांत मुलगी गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, विल्यम्स क्रीकवर, सोफिया टायफॉइडनं गेली. आपल्याला घरच्या मातीत ठेव, असं तिनं मरताना मागितलं आणि त्यानं शब्द दिला. थंडी अशी कडाक्याची, की प्रेत तसंच ठेवता आलं. डिसेंबरात त्याच्या खाणीला सोनं लागलं. तिच्या जाण्याला दोन महिनेच झाले होते.

जानेवारी १८६३ अखेर शवपेटी बर्फावरच्या घसरगाडीवर बांधली गेली. सोबत येणाऱ्याला दिवसाला १२ डॉलर आणि वर २००० डॉलर देईन, असं त्यानं जाहीर केलं. सुरुवातीला बरेच जण निघाले, पण पुढे गळत गेले. रॉबर्ट स्टीव्हन्सन हा मित्र तेवढा शेवटपर्यंत राहिला. दोरखंडांनी ओढत, उतारावर मागून धरून ठेवत, शेकडो किलोमीटर. त्याच काळात देवीच्या साथीनं तिथल्या आदिवासींची गावंच्या गावं ओस पडली होती. ही जमीन त्यांचीच, आणि साथ आली ती बाहेरून. एका बाईसाठी एवढा खटाटोप झाला याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या मुलखात कितीतरी माणसांना मूठमाती द्यायलाही कुणी उरलं नव्हतं, हे बाजूला ठेवून ही कहाणी सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

मार्चमध्ये पेटी व्हिक्टोरियाला पोचली. अल्कोहोल भरून ती तिथं तात्पुरती पुरली. कॅमेरॉन खाणीवर परतला, श्रीमंत झाला, आणि मग पेटी उकरून पनामामार्गे थेट ओंटारिओला घेऊन गेला. तिथं लोकांनी कुजबुज सुरू केली: पेटीत सोफिया नाहीच, सोनं आहे, बायकोला यानं विकलं. अखेर १८७३ मध्ये त्याला ती सर्वांसमोर उघडावी लागली. चेहरा ओळखता येत होता. एवढी वाट तुडवून दिलेला शब्द पाळला, त्याचं हे फळ! ओंटारिओतल्याच समर्सटाउनच्या मातीत सोफिया पुन्हा ठेवली गेली.

अस्थींना घराची ओढ असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बार्करव्हिलच्या चिनी खाणकामगारांनी त्यासाठी रीतच घालून घेतली होती. आपल्या माणसाला पुरायचं, काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून स्वच्छ करायच्या, खोक्यात भरायच्या आणि व्हिक्टोरियामार्गे दक्षिण चीनमधल्या त्याच्या गावी पाठवायच्या. खर्च आणि व्यवस्था त्यांच्या मंडळांकडे. एकट्या मजुराला ते पेलणारं नव्हतं. म्हणून त्या भागात काही कबरींच्या जागी नुसते खळगे आहेत. त्या खळग्यांकडे मी समाधानानं बघतो. तिथला माणूस घरी गेला.

सगळेच गेले नाहीत. १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटलं आणि व्हिक्टोरियाहून अस्थी पाठवणं थांबलं. खोकी तशीच पडून राहिली. १९६१ मध्ये ती तिथल्याच हार्लिंग पॉइंटच्या दफनभूमीत सामुदायिक कबरींमध्ये पुरली गेली, ज्या समुद्रावरून जहाज जायचं त्याच्या काठाशी.

कॅमेरॉनचा पैसा हळूहळू ओसरला. म्हातारपणी तो पुन्हा कॅरिबूला गेला, तेच सोनं शोधायला, आणि १८८८ च्या नोव्हेंबरात बार्करव्हिलला वारला. या वेळी घसरगाडी निघाली नाही. सोफिया समर्सटाउनला आणि तो इथं, मध्ये अख्खा कॅनडा.