तिघांचा कारभार, चारचौघांत

अमेरिकेच्या वायव्येस असलेल्या ऑरेगन राज्यात ३६ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. राज्याच्या ईशान्य टोकाशी वलाउवा नावाची काउंटी आहे. ला ग्रँड गावाहून निघालेला राज्यमार्ग डोंगर ओलांडून मायनमच्या अरुंद घळीत उतरतो आणि मग नदीच्या काठाकाठाने वर चढत एका विस्तीर्ण हिरव्या खोऱ्यात येऊन पोहोचतो. वलाउवा, लॉस्टीन, एंटरप्राइज, जोसेफ अशी लहान लहान गावे एकामागून एक लागतात. दक्षिणेकडे बर्फाच्छादित पर्वतांची भिंत सतत सोबत असते. सरोवरापाशी हा मार्गच संपतो. पुढच्या शिखरांकडे जावयाचे तर पायी किंवा घोड्यावरून. पूर्वेला स्नेक नदीची प्रचंड दरी आणि तिच्यापलीकडे आयडाहो राज्य. असा हा प्रदेश वाटेवरचा नव्हे. येथे मुद्दाम यावे लागते.

क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून किंचित कमी. सांगलीत २०११ च्या जनगणनेत २८ लाखांहून अधिक माणसे होती; वलाउवात २०२० मध्ये ७,३९१. त्यातही अर्ध्याहून अधिक भूमी केंद्र सरकारची, मुख्यतः राखीव जंगलाची. उरलेल्या जागेत गुरांची कुरणे, गवताची शेते आणि एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे.

या साऱ्यांचा कारभार तीन कमिशनर पाहतात. ‘कमिशनर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकारने नेमलेला मोठा अधिकारी उभा राहतो. येथील कमिशनर तसे नव्हेत. ते चार वर्षांसाठी मतदारांनी निवडून दिलेले असतात. आपल्या जिल्हा परिषदेचे काम केवळ तीन सभासदांवर सोपविले, तर जे चित्र दिसेल ते बहुतांशी येथले. एंटरप्राइजमध्ये १९०९-१० साली स्थानिक ज्वालामुखीजन्य दगडांत बांधलेले काउंटीचे न्यायालय आहे. काउंटीचे मुख्य कार्यस्थान हेच.

बैठकीत कमिशनर आपण काय केले, कोठे गेलो, कोणाशी बोललो, याचे निवेदन करतात. परक्या माणसाला हे कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे. पण यामागे एक कायदा आहे आणि तो मोठा मार्मिक आहे. ऑरेगनने १९७३ साली सार्वजनिक सभांचा कायदा केला. त्यानुसार लोकनियुक्त मंडळाच्या गणसंख्येइतके सभासद सार्वजनिक कामाचा विचारविनिमय करण्यास जमले, की ती सभा ठरते. तिची पूर्वसूचना द्यावी लागते आणि दार सर्वांना उघडे ठेवावे लागते. आता तिघांच्या मंडळाची गणसंख्या दोन! म्हणजे दोघे कमिशनर एखाद्या उपाहारगृहात भेटले, तर हवापाण्याच्या गप्पा त्यांनी खुशाल माराव्यात. पण अमुक पुलाची दुरुस्ती करावी की नाही, हे तेथे बोलावयाचे नाही. सहकाऱ्याशी जे बोलावयाचे ते चारचौघांसमोरच. ही निवेदने म्हणजे निव्वळ शिष्टाचार नव्हे. खासगीत जे बोलण्याची मुभा नाही, ते बोलण्याची ती जागा आहे. आपल्याकडे कित्येक ठराव सभेपूर्वीच कोणाच्या तरी ओसरीवर पक्के होतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नियमाची किंमत सांगावयास नको.

विषय तरी किती परींचे! रस्त्यांवरील खडी, हिवाळ्यातील बर्फ, उन्हाळ्यातील वणव्यांची भीती. ऑगस्ट २०२२ मध्ये वलाउवा गावावर भयंकर गारपीट झाली. छपरे, खिडक्या, मोटारी यांचा चक्काचूर झाला. मग राज्याने दिलेली मदत कोणास कशी द्यावयाची, हा प्रश्न अर्थातच या मंडळापुढे आला. जंगलाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा काउंटीचे रस्ते व शाळा यांना मिळावा असा १९०८ पासूनचा नियम. पण १९९० नंतर वृक्षतोड घटली आणि तो झराही आटला. २००० साली केंद्राने त्याऐवजी साहाय्य देऊ केले, परंतु त्या कायद्याची मुदत अधूनमधून संपते आणि तिजोरी पुन्हा चिंतेत पडते.

तरीही २०२० च्या आरंभी या लहानशा काउंटीने एक धाडस केले. सरोवराच्या पूर्वेस हिमोढ आहे. हिमोढ म्हणजे प्राचीन हिमनदीने लोटत आणलेल्या दगडमातीचा बांध. दोनशे मीटरांहून उंच आणि माथ्यावर जणू दोरी लावून सरळ केलेला हा बांध पाहून माणूस थक्क होतो. तेथे घरे उठतील अशी धास्ती बरीच वर्षे होती. अखेर काही संस्थांच्या सहकार्याने १,७९१ एकर जमीन सुमारे साठ लाख डॉलरांना विकत घेण्यात आली आणि ती काउंटीच्या मालकीची, सर्वांना मोकळी अशी झाली.

‘सर्वांना’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा लागतो. हे खोरे नेझ पर्स लोकांच्या एका शाखेचे. त्यांचा वृद्ध नायक जोसेफ १८६३ च्या करारावर सही करण्यास तयार झाला नाही. १८७१ मध्ये तो वारला. १८७७ मध्ये त्याच्या मुलाला व लोकांना हा मुलूख सोडावा लागला आणि युद्ध पेटले. मुलगा १९०४ मध्ये परमुलखातच मरण पावला. पित्याची समाधी मात्र सरोवराच्या तोंडाशी आहे. गावाला त्याच नायकांचे नाव, आणि १९४६ पासून जुलैत भरणाऱ्या घोडेस्वारीच्या उत्सवालाही. नेझ पर्स जमातीने अलीकडे जोसेफजवळ १४८ एकर जमीन विकत घेतली आणि जुलै २०२१ मध्ये घोड्यांवरून तेथे प्रवेश केला. आपलीच भूमी पैसे मोजून परत घ्यावी लागली, हे त्या सोहळ्याच्या आनंदातही विसरता येण्यासारखे नाही.

मे २०२३ मध्ये आणखी एक प्रश्न मतास आला. ऑरेगन सोडून आयडाहोत सामील व्हावे काय? राज्याची सीमा बदलण्यास दोन्ही राज्यांची विधिमंडळे आणि केंद्रीय काँग्रेस यांची संमती लागते. तेव्हा काउंटीच्या हाती फारसे काही नव्हते. ठरावात मागणी एवढीच, की कमिशनरांनी वर्षातून दोनदा या विषयावर सभा घ्यावी. सुमारे साडेतीन हजार मते पडली आणि ठराव अवघ्या सात मतांनी संमत झाला. सात मते म्हणजे दोन-तीन कुटुंबे! ज्याने विरुद्ध मत दिले तो गवताच्या शेताचा शेजारी. त्याच्याच ट्रॅक्टरची उद्या गरज लागणार. तिघांपैकी कोणीही काहीही म्हटले तरी निम्मी काउंटी नाराज. पण म्हणावे लागणार ते सर्वांच्या देखत.

हे सारे लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम ‘वलाउवा काउंटी चीफ्टन’ हे वृत्तपत्र १८८४ पासून करीत आले. २०२४ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. २०२१ च्या कायद्याने अशा सभा शक्य तेथे दुरूनही ऐकण्याची सोय करणे बंधनकारक केले आहे. दरीकाठच्या एखाद्या कुरणावर राहणाऱ्या म्हाताऱ्याला तिचा उपयोग किती, हे तेथील तारांवर आणि हवामानावर अवलंबून. ज्याला जमेल तो मोटार काढून एंटरप्राइजला येतो आणि खुर्ची ओढून बसतो.