भिंतीवरचं जंगल

बल्लारपुरात संध्याकाळी फिरायला निघालं की पाय आपोआप वर्धेकडे वळतात. काठावर गोंड राजांचा किल्ला. राजधानी इथून चंद्रपूरला गेली, नदी मात्र बुरुजाखालून तशीच वाहते. वारा फिरला की पेपर मिलचा उग्र वास येतो. 1945 सालची ही मिल. परक्याचं नाक आक्रसतं, आम्हाला तो वास आला की घर आलं असं वाटतं.

त्या दिवशी किल्ल्यावरून परतताना मी स्टेशनात शिरलो. गाव बल्लारपूर, पण स्टेशन बल्लारशाह, राजाच्या नावाचं. इथल्या भिंतींवर ताडोबाचं जंगल रंगवलंय. 2018 मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर स्थानकांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला, दहा लाखांचं बक्षीसही. चित्रकलेसाठी जगभर नाव असलेलं मधुबनी तेव्हा दुसरं होतं. या आठवणीने अजून ऊर भरून येतो.

वर्षानुवर्षं मी त्या भिंतींसमोरून गाडी पकडायला धावलो होतो. त्या संध्याकाळी कुठलीच गाडी पकडायची नव्हती, म्हणून वाघाच्या अगदी जवळ गेलो. दुरून एका फटकाऱ्याची वाटणारी मिशी जवळून तीन रंगांची निघाली: पांढरा, राखाडी आणि त्याखाली किंचित निळा. डोळ्याच्या कोपऱ्यातून गिलाव्याला बारीक तडा गेला होता. तो पापणीच्या रेषेत असा मिसळला होता, की वाघ डोळा बारीक करून बघतोय असं वाटावं.

शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते.

“आबाजी, वाघ एवढा मोठा रायते का?”

“याच्याहून मोठा रायते, बाबू. दिसला तर आपन त्याले वाट द्यायची.”

मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं ज्या मुलखात कधीकधी परतत नाहीत, तिथल्या म्हाताऱ्याचं हे बोलणं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

याच गावातून जंगल बाहेर जातं. बांबूचा कागद झाला; सागाचे ओंडके आगारातून देशभर गेले, 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीही. जंगल जिथून निघून जातं, नेमक्या त्याच वाटेवर कुणीतरी ते रंगवून ठेवलं. मला या चित्रांचं मोल बक्षिसापेक्षा यात जास्त वाटतं.

पुढे एका सांबराच्या खुरांवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची लाल पिचकारी वाळली होती. मी बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने पुसलं, डाग पूर्ण गेला नाही.

दिल्ली-चेन्नई मार्गावरची तुमची गाडी बल्लारशाहला थांबली आणि पाणी भरायला उतरलात, तर दोन मिनिटं या भिंतीपाशी उभे राहा. आणि तोंडात खर्रा असेल, तर कृपा करून कचरापेटी शोधा.