आधी पत्रा, मग गादी

आळंदच्या बाजारात तुरीची पोती उतरवणारी जुनी पिकअप पाहा. हौदा धड, ऑइल वेळेवर बदललेलं, केबिन मात्र वाऱ्यावर सोडलेली. कमाई हौद्याची, मग केबिनवर खर्च कशाला, असं मालक म्हणतात. मला ते पटत नाही. दाराचं रबर फाटलं की पावसाचं पाणी मॅटखाली मुरतं, वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली पत्रा गंजत राहतो. म्हणून नवं सीट कव्हर घेण्याआधी मॅट उचलावी, गंज पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, तीही तारेनं मोकळी करावीत. बुजली तर दार आतून कुजतं. याला कसब कमी, सवड जास्त लागते. तुरीचा हंगाम सरल्यावर उन्हाळ्यात ती मिळते, रंगही खडखडीत वाळतो.

घरच्या घरी केलेलं काम धोक्याचं, हा आक्षेप वायरिंगपुरता खरा आहे. फ्यूज न घालता पंख्याला वायर ओढली तर शॉर्टसर्किटने केबिन पेटू शकते. सीटचे नि बेल्टचे बोल्ट धरणारा पत्रा सडला असेल तर वेल्डिंगवालाच हवा. बाकीचं अंगणात होतं. पत्र्यानंतर गादीही बघावी. कलबुर्गी इथून सुमारे ४० किलोमीटर. माल घेऊन रोज तिकडे जाणाऱ्या ड्रायव्हरची कंबर धसलेल्या गादीवर झिजते, आणि तिला सुटा भाग मिळत नाही.