शपथपत्रापाशी न थांबलेला खटला

चि. राधास,


'जय भीम' सिनेमा पाहून तू फोनवर जे भरभरून बोललीस ते ऐकून आनंद झाला, थोडी धास्तीही वाटली. तुला सूर्याचा वकील आवडला. आवडणारच! संगीताच्या ठेक्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढणारा वकील कोणाला आवडणार नाही? पण मी सोलापूरच्या कोर्टात फायलींमागे आयुष्य काढलेला माणूस. माझं लक्ष कागदांकडे गेलं.

पोलिसांचं म्हणणं एवढंच, की त्यांनी पकडलेला राजाकन्नू कोठडीतून पळाला. माणूस ताब्यात नाही असं शपथपत्र आलं, की बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका बहुधा तिथंच आटोपते. ताब्यात नसलेल्याला हजर कुठून करणार? अशा याचिकेत सहसा साक्षीदार तपासत नाहीत, शपथपत्रांवरच काम भागतं. सिनेमातला वकील चंद्रू मात्र साक्षी घेऊ द्या म्हणतो आणि केरळच्या राजन प्रकरणाचा दाखला देतो. आणीबाणीत पोलिसांनी नेलेला इंजिनिअरिंगचा तो मुलगा परत आलाच नाही, आणि बाप हायकोर्टात गेला. मला सगळा सिनेमा या एका मागणीवर उभा वाटतो. पोलीस एकदा पिंजऱ्यात उभा राहिला, की ठाण्यातली नोंद आणि त्याची जीभ यांचा मेळ बसेना होतो. तू उलटतपासणीतल्या टाळीच्या वाक्यांवर खूश आहेस. ती वाक्यं बोलायची परवानगी मिळवणं हेच खरं अवघड.

दिग्दर्शक ज्ञानवेलवर माझा एक राग आहे. १९९३ साली कडलूर भागात जो खरा राजाकन्नू मारला गेला तो कुरवा जमातीचा होता. सिनेमात तो इरुलर झाला. साप-उंदीर धरणारे इरुलर पडद्यावर छान दिसतात, हे कबूल. पण कुरवांवरचा संशय इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं लेखी ठेवला होता, आपल्याकडच्या कैकाड्यांवर ठेवला तसाच. कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की पहिली धाड कुठं पडते? आपल्या गावातली सेटलमेंट तुला फक्त रिक्षाचा थांबा म्हणून माहीत आहे. तिथं काटेरी तारेच्या कुंपणात अशाच जमाती डांबल्या होत्या. जमात बदलली आणि संशयाचा हा जुना कागद सिनेमातून गळाला.

एका प्रसंगाला मात्र तोड नाही. वरून हुकूम येतो, राजाकन्नूच्या बायकोला, सेंगेनीला सोडा, जीपनं घरी पोचवा. ती पोटुशी, हाताशी लेक, आणि ती जीपमध्ये बसतच नाही. पुढं ती चालते आहे, मागं पोलिसांची जीप रांगते आहे, कालपर्यंत गुरगुरणारे शिपाई बसा म्हणून विनवताहेत. सेंगेनी झालेल्या लिजोमोल जोसनं तिथं एकही मोठा संवाद न म्हणता सूर्याला मागं टाकलं आहे.

आता धास्तीचं सांगतो. पडद्यावर अडीच-पावणेतीन तासांत न्याय मिळतो. प्रत्यक्षात पोलिसांना शिक्षा ठोठावणारा मद्रास हायकोर्टाचा निकाल आला २००६ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. हा खटला प्रत्यक्षात लढवणारे के. चंद्रू त्याच वर्षी त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मधली वर्षं तारखांची. तारखांवर सिनेमा निघत नाही, निघाला तर तू पाहणार नाहीस. आणि तुला असा वकील व्हायचं असेल, तर चंद्रू असल्या खटल्यांची फी घेत नसत, हे तुझ्या बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांनी तुझ्यासाठी पुण्यातली कंपनी हेरून ठेवली आहे.

दिवाळीत येशील तेव्हा शाजी करुण यांचा 'पिरवी' पाहू. राजन प्रकरणाची सावली त्यावर आहे. त्यात कोर्टातली झुंज नाही, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला म्हातारा बाप आहे. तुला झोप येईल. मी चहा करत राहीन, पण शेवटपर्यंत बसवणार.

तुझा,
अण्णाकाका