एका थेंबाचा खर्च

मधुमेही माणसाचा संसार हा पुष्कळसा हिशेबाचा संसार असतो. पोळ्या किती, भात किती, फिरणे किती, गोळी जेवणाआधी की मागाहून, असे आकडे दिवसभर त्याच्या पाठीस लागलेले असतात. आम्हांस या संसारात पडून सहा वर्षे झाली. घरी साखर मोजण्याचे यंत्र कोणते घ्यावे, असे कॉलेजातील स्नेही आता आम्हांस वरचेवर विचारू लागले आहेत. आणि प्राध्यापकास प्रश्न विचारला म्हणजे घंटा होईपर्यंत सुटका नसते, हे वाचकांस विदित आहेच.

आमच्या आजोबांच्या पिढीस हा प्रश्न पडत नसे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवावे आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी, जो रंग येईल त्यावरून अंदाज बांधावा, अशी तेव्हाची रीत. परंतु रक्तातील साखर दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्यावाचून ती सहसा लघवीत उतरत नाही. तेव्हा ही परीक्षा म्हणजे वरातीमागून घोडे, आणि साखर फार उतरली तर ते तिला मुळीच कळावयाचे नाही. पुढे १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी निघाली व १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले. ते किलोभराहून जड होते. आजचे यंत्र मुठीत मावते आणि काही सेकंदांत आकडा सांगते.

दुकानात जाणारा गृहस्थ प्रथम या यंत्राची किंमत विचारतो, आणि येथेच तो फसतो. दौत फुकट देऊन शाई विकावी, तसा हा व्यापार आहे. शाई म्हणजे पट्टी. एका यंत्राची पट्टी १० रुपयांस पडते, दुसऱ्याची २२ रुपयांस, असे धरू. आठवड्यास पाच वेळा तपासणी केली तर वर्षास २६० पट्ट्या लागतात. म्हणजे एकीकडे २,६०० रुपये, दुसरीकडे ५,७२०. या फरकापुढे यंत्राच्या किमतीतील चारपाचशे रुपयांची घासाघीस ती काय? शिवाय महाग पट्टी घरात आली की ती वापरण्याऐवजी जपून ठेवण्याकडे मन वळते.

आमचे वडील बंधू तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्या लंडनवासी चिरंजीवाने तिकडून एक फार देखणे यंत्र पाठविले. त्याच्या पट्ट्या गावात मिळेनात, म्हणून उरलेल्या आठदहा पट्ट्या वहिनींनी चांदीच्या भांड्यांशेजारी कपाटात ठेवल्या. गेल्या वर्षी आषाढी एकादशीस दादांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपास मात्र कडकडीत केला. दुपारी त्यांस दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलण्यास ताळतंत्र राहिले नाही. वहिनींनी कपाटातली पट्टी काढली. यंत्राने २.९ असा आकडा दाखविला. विलायती यंत्र मिलिमोलमध्ये बोलते आणि आपल्याकडील प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्यास १८ ने गुणावे तेव्हा आपला आकडा निघतो. साखर ७० च्या खाली गेली म्हणजे धोका. येथे ती ५२ वर आली होती. वहिनींस हा गुणाकार ठाऊक नव्हता. त्यांनी यंत्र बाजूस सारले व दादांस साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. आता त्या घरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे ज्याच्या पट्ट्या बारमाही मिळतात, असे साधे, मिलिग्रॅम दाखविणारे यंत्र आहे. देखणे यंत्र कपाटातच आहे.

स्वस्त यंत्र खोटे सांगते काय, ही शंका योग्य आहे. २०१३ चे आंतरराष्ट्रीय मानक असे की, साखर १०० वा अधिक असता शंभरापैकी ९५ आकडे खऱ्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावेत. म्हणजे खरी साखर १४० असता ११९ किंवा १६१ दाखविणारे यंत्रही उत्तीर्णच! हे मानक पाळल्याचा उल्लेख खोक्यावर पाहावा. पुष्कळदा तर दोष यंत्राचा नसून आपला असतो. पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आमरसाचे बोट न धुता टोचले, तर यंत्र आंब्याची साखर मोजते.

आमचे एक सहकारी, इन्सुलिन नाही, साखर एकाएकी उतरविणारी गोळीही नाही, तरी दिवसातून चार वेळा बोट टोचतात आणि प्रत्येक आकड्यागणिक प्रसन्न वा खिन्न होतात. त्यांना तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीच पुष्कळ आहे. इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने काटकसर दुसरीकडे करावी, किती वेळा तपासावे ते डॉक्टरांस विचारावे.

आम्ही स्वतः प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देण्यास जाताना यंत्र खिशात नेतो आणि तेथेच, त्याच वेळी बोटाचा थेंब तपासतो. जेवणानंतर ही तुलना करू नये. तेव्हा बोटातील साखर शिरेतील साखरेहून जास्त भरते. मागल्या खेपेस आमचे यंत्र ९ मिलिग्रॅम अधिक सांगत होते. तेवढे आम्ही चालवून घेतो.