बदाम तिर्री

2008 च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, बायको पुण्यात, आणि दर शुक्रवारी रात्री आमच्या अपार्टमेंटमध्ये पोकर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट कुटून मोठा झालेला माणूस मी, वर इंजिनिअर. प्रोबॅबिलिटी आपल्याला येते म्हणजे झालंच, असं वाटायचं.

एक डाव सांगतो. माझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम नव्वी. टेबलावर बदाम राजा, बदाम पंजी, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री. शेवटचं एक पान उलटायचं बाकी. बदाम आलं की माझा फ्लश. पॉटमध्ये 60 डॉलर. समोर आमचा नागपूरचा डीबीए. त्याने शांतपणे 40 डॉलर पुढे सरकवले.

आता हिशोब. मला न दिसलेली पानं 46, त्यातली बदामं 9. म्हणजे जेमतेम 20 टक्के. आणि लागतात किती? मी 40 घातले की पॉट 140. 40 भागिले 140, साडेअठ्ठावीस टक्के. सरळ पानं टाकायची! असा कॉल करत राहिलं तर दर वेळी सरासरी साडेबारा डॉलर जातात.

पण मला टाकायचीच नव्हती ना. मग रंगरंगोटी सुरू झाली. एक्का आला तर जोडी होईल, ते तीन एक्केही धरू. झाली 12 पानं, 26 टक्के. उरलेले अडीच? फ्लश लागला तर तो पुढे अजून पैसे घालेलच की! बसला हिशोब. (क्लायंटची एस्टिमेट्सही मी अशीच बसवत आलोय. तारीख आधी ठरते, आकडे मागून येतात.)

कॉल केला. पान उलटलं, बदाम तिर्री! एकच गलका झाला. डीबीएने हातातल्या दोन सत्त्या दाखवल्या आणि उठता उठता विचारलं, "किती पानं मोजली होती बे?"

"बारा."

"सातच होती."

खरंच की. त्याच्या तीन सत्त्यांपुढे माझ्या एक्क्यांच्या जोडीला कोण विचारतो? बदाम दुर्री आली असती तर त्याचं फुल हाउस झालं असतं, आणि बदाम सत्तीचा मला काडीचा उपयोग नव्हता. 44 पैकी 7, म्हणजे 16 टक्के. हा माणूस वर्षभरात एकदाही ब्लफ करताना सापडला नव्हता, ते तर मी धरलंच नव्हतं.

पण जिंकलो होतो मी! त्यामुळे त्याचं बोलणं कानाआड केलं आणि पुढचे चार महिने तसलेच कॉल करत राहिलो. एक्सेलमध्ये नुसतं हरलो-जिंकलो लिहायचो. एप्रिलमध्ये एक कॉलम वाढवला: किती टक्के हवे होते, किती होते. आठवतील तेवढे डाव भरले. जिंकलेले निम्मे कॉल चुकीचे निघाले. हरलेल्यांतले दोन-तीन मात्र अगदी बरोबर होते, आणि त्यांच्यावरूनच मी स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या.

खाली बेरीज होती, उणे 860 डॉलर. आईबाबांच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले. बायकोला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

जूनमध्ये यायचे ते दोघं सप्टेंबरात आले. आईला अजूनही वाटतं, व्हिसाला उशीर झाला.